टर्र-टकची तीन दरपत्रकं

आमच्या कचेरीत तीन दरपत्रकं आल्याशिवाय टाचणीसुद्धा खरेदी होत नाही. मी त्या खरेदी विभागात बावीस वर्षं आहे, त्यामुळे हे मी अभिमानानं सांगतोय की तक्रार करतोय, ते माझं मलाच आता कळत नाही. एकदा साहेबांच्या खोलीतलं घड्याळ बंद पडलं. सेल संपला होता. तीन दुकानांकडून दर मागवले, तुलनात्मक तक्ता केला, टिपणी वर पाठवली. ती एक शंका घेऊन खाली आली, शंकेचं निरसन होऊन पुन्हा वर गेली. सेल आला तोवर साहेबांची बदली झाली होती आणि नव्या साहेबांना भिंतीवर घड्याळ नको होतं. पण फाइल इतकी निर्दोष होती की लेखापरीक्षकांनी नमुना म्हणून तिची नक्कल मागून नेली.

हे आधी सांगून ठेवतो, कारण गाडीच्या बाबतीत मी जे केलं ते वेंधळेपणानं केलं असा समज आमच्या इमारतीत पसरलेला आहे. मी ते पद्धतशीरपणे केलं.

गाडी सासऱ्यांची. सासरे वजनमापे निरीक्षक होते. उभ्या नोकरीत त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले आणि निवृत्तीनंतर माणसं तपासायला घेतली. त्यांच्या लेखी गोष्ट एकतर बरोबर असते किंवा चूक. मधला ‘चालेल’ हा शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडल्याचं त्यांच्या मुलीलाही, म्हणजे माझ्या बायकोला, आठवत नाही. लग्न ठरताना माझ्याबद्दल ते ‘तपासून पाहू’ एवढंच म्हणाले होते. निकाल अजून लागायचा आहे.

दीड वर्षापूर्वी त्यांची नजर अधू झाली. समोरच्याचा चेहरा पुसट होतो, कडेकडेचं तेवढं दिसतं. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, डॉक्टरांनी सांगितलं. एक दिवस ते घरी आले, किल्ल्या टेबलावर ठेवल्या, ‘आता ही तुम्ही चालवा’ म्हणाले आणि चहा न घेता परत गेले. अट एकच. दर शनिवारी साडेचारला त्यांना त्यांच्या निवृत्तांच्या मंडळात सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. न्यायला वर यायचं नाही. ‘मला जिना उतरता येतो,’ असं त्यांनी बजावलं होतं. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला पहिल्या मजल्यावर एकटे राहतात. मी चार अठ्ठावीसला पोचलो काय किंवा चार चौतीसला पोचलो काय, गाडी फाटकाशी थांबते न थांबते तोच ते काठी घेऊन तिथे हजर. पुढे होऊन नेमका दाराच्या मुठीला हात घालायचे. वक्तशीरपणा असावा तर असा, असं मी मनात म्हणायचो.

तर त्या सोळा वर्षांच्या गाडीला एक आवाज होता. टर्र-टक. पुन्हा टर्र-टक. वेग घेतला की गप्प, वळणावर किंवा फाटकाशी हळू झाली की सुरू. मला त्याची सवय झाली होती. एका शनिवारी सासरे गाडीत बसले, पट्टा लावला, मान कलती केली आणि म्हणाले, “आवाज येतोय.”

बस्स, एवढंच. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, “तुझ्या बाबांनी आज मला नापास केलं.”

“अहो, आवाज येतोय एवढंच म्हणाले ना?”

“निरीक्षक माणूस एवढंच म्हणतो. बाकीचं नोटिशीत येतं.”

दीड वर्षं दुसऱ्याची गाडी वापरायची आणि ती खिळखिळी करायची, असा त्या दोन शब्दांचा मी अर्थ लावला. पुढच्या शनिवारच्या आत हा आवाज नाहीसा करायचाच, असं ठरवलं. प्रश्न एवढाच होता की गाडी न्यायची कुठे.

हा प्रश्न मी रविवारी सकाळी इमारतीच्या गाडीतळावर विचारला, ही माझी पहिली चूक. इमारतीचे सचिव गाडी पुसत होते. “कंपनीच्या सेंटरशिवाय कुणाला हात लावू देऊ नका,” ते म्हणाले. “माझ्या मेव्हण्यानं बाहेर दिली. आवाज काढायला गेला आणि इंजिन बदलून आला.”

तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर दार उघडून बाहेरच आले. “सेंटरवाले? ते सगळंच बदलतात. एक दाढ दुखते म्हणून कुणी कवळी बसवून घेतं का? ज्या भागाचं दुखणं त्या भागाचा माणूस गाठा.”

यावर सचिव पुन्हा गाडी पुसायला लागले, कारण त्यांना कवळीचा सल्ला याच डॉक्टरांनी दिला होता. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. त्या गाडी चालवायला शिकवतात, त्यामुळे त्यांच्या गाडीनं आयुष्यात सगळं सोसलेलं आहे. त्या म्हणाल्या, “गोदामांच्या मागे पत्र्याची शेड आहे. तिथल्या मिस्त्रींना दाखवा. फक्त जरा मोठ्यानं बोला, त्यांना ऐकू कमी येतं.”

“गाडीचा आवाज शोधायला ऐकू न येणारा माणूस?” सचिव म्हणाले.

“माझी गाडी बघितलीत ना? चालतेय ना?” बाई म्हणाल्या आणि शिकाऊ गिऱ्हाईक घेऊन निघून गेल्या. जाताना त्या गिऱ्हाइकानं सचिवांची कुंडी पाडली, पण तो वेगळा विषय आहे.

तीन सल्ले, तीन जागा. माझ्या अंगात बावीस वर्षांची नोकरी सळसळली. तिघांकडून लेखी दरपत्रक घ्यायचं, तक्ता करायचा आणि मगच काम द्यायचं. मी रजेचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात ‘कौटुंबिक’ असं लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं.

कंपनीचं सेंटर काचेचं होतं. आत इतका गारवा होता की गाडी दुरुस्तीला आणली आहे की शवागारात ठेवायला, असा प्रश्न पडावा. टाय लावलेला सल्लागार हातात पाटीएवढा संगणक घेऊन आला. त्यानं गाडीचं वय विचारलं. सोळा म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं पाहिलं.

“तक्रार काय आहे, सर?”

“टर्र-टक असा आवाज येतो.”

त्यानं यादीतून बोट फिरवलं. खडखड होती, घुर्रघुर्र होती, शिटी होती. टर्र-टक नव्हती. “‘इतर’मध्ये टाकतो,” तो म्हणाला, “पण ‘इतर’ला वरिष्ठांची मंजुरी लागते.” वरिष्ठ जेवायला गेले होते. मला हे सगळं इतकं ओळखीचं वाटलं की मी शांतपणे बसून राहिलो. शेजारच्या माणसानं वैतागून विचारलं, “तुम्हाला राग येत नाही?” मी म्हटलं, “पद्धत बरोबर आहे त्यांची.”

वरिष्ठ आले, मंजुरी झाली. गाडी काचेपलीकडे गेली आणि तिथे तिनं आवाज केलाच नाही. पाहुण्यांसमोर पोरं शहाण्यासारखी वागतात त्यातला प्रकार. सल्लागार म्हणाला, “सर, जरा आवाज करून दाखवता? नोंद करायची आहे.” त्या गार, काचेच्या खोलीत, सोफ्यावरच्या अकरा माणसांसमोर मी दोनदा टर्र-टक केलं. त्यानं ते लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. तासाभरानं दोन पानी दरपत्रक हातात आलं. त्यात बदलायच्या तेवीस वस्तू होत्या. आवाजाबद्दल एक ओळ नव्हती. गाडी परत देताना त्यांनी ती धुऊन दिली, हे मात्र कबूल करायला हवं. बाहेर पडून मी डावीकडे वळलो तर भोंगा वाजला. सरळ झालो, थांबला. पुन्हा डावीकडे वळलो, पुन्हा वाजला. तपासताना त्यांनी स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं होतं, ते बसवताना काहीतरी काहीतरीला चिकटलं असावं.

आमच्या घरापर्यंत सात डावी वळणं आहेत. चौथ्या वळणावर समोरून आमचे साहेब पायी चालले होते. त्यांनी दचकून पदपथावर उडी मारली आणि वळून पाहिलं. रजेवर असलेला आपला माणूस आपल्यावर भोंगा वाजवतो आहे, हे त्यांनी नीट पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं, बायकोला बरोबर घेऊन, तज्ज्ञांच्या गल्लीत गेलो. तिथे एक दुकान फक्त ब्रेकचं, एक फक्त वायरिंगचं, एक फक्त एसीचं, एक फक्त शॉकअपचं. अडचण अशी की कुठल्या तज्ज्ञाकडे जायचं हे कळायला गाडीला काय झालंय ते आधी कळावं लागतं, आणि ते कळलं असतं तर मी त्या गल्लीत गेलोच नसतो. ब्रेकवाल्यानं ऐकून सांगितलं, “ब्रेकचा नाही.” वायरिंगवाला म्हणाला, “आवाज वायरिंगचा नाही, पण भोंगा आहे. तो दुरुस्त करून देऊ?” मी म्हटलं, भोंगा या प्रस्तावात समाविष्ट नाही. एसीवाला जेवत होता, त्यानं नुसती मान हलवली. शेवटी शॉकअपवाल्यानं मागच्या बंपरवर उभं राहून तीन उड्या मारल्या आणि निकाल दिला, “शॉकअप गेलेत.”

“लेखी द्याल?”

त्यानं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून दिलं. मी दिनांक आणि सही मागितल्यावर तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, पण केली सही. त्याच्या उड्यांनी की कशानं कोण जाणे, येताना पहिल्याच गतिरोधकावर पुढच्या खणाचं झाकण निसटून बायकोच्या गुडघ्यावर आपटलं. त्यानंतर दर गतिरोधकाला. खणातून सासऱ्यांची वही पडली होती, साडेचौदा वर्षांचं तेल, हवा, चाकं, सगळं तारीखवार. ती उचलून पुसत बायको एवढंच म्हणाली, “तक्ता पूर्ण होईपर्यंत गाडी उरेल ना?”

गुरुवारी पत्र्याची शेड. पाटी नाही, सोफा नाही, पाच गाड्या आणि पाच गिऱ्हाइकं रांगेत. मिस्त्री पांढऱ्या मिश्यांचे, सावकाश हालचालींचे. माझा नंबर आल्यावर मी ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकल्यासारखं केलं, गाडी चालू ठेवायला सांगितली आणि तिच्यावर तळवा टेकवला. आधी पुढे, मग दारावर, मग मागे. मागे हात थांबला. खाली वाकून त्यांनी एक लांब पेचकस कुठेतरी टेकवला. आवाज बंद. उचलला, आवाज सुरू.

“सायलेन्सरवरचा पत्रा,” ते म्हणाले. “उष्णता अडवायला असतो. एक स्क्रू सैल आहे.”

“धोका?”

“काय?”

“धोका आहे का, धोका!”

“छे! पत्र्याला बोलायची हौस, दुसरं काय.”

मी वही काढली. “आता मला याचं दरपत्रक लागेल. म्हणजे कसं, माझ्याकडे दोन आलेली आहेत, तिसरं तुमचं. मग तिन्हींचा तक्ता करून...” मी पद्धत समजावून सांगत होतो तोवर मिस्त्री गाडीखाली गेले, बाहेर आले, स्टिअरिंगखाली दोन मिनिटं हात घातला, खणाच्या झाकणावर एक चापट मारली आणि हात पुसत म्हणाले, “झालं. पुढची घ्या.”

झालं! मंजुरीआधी काम! बावीस वर्षांत माझ्याकडून असा प्रमाद घडला नव्हता. घरी जाऊन मी बायकोसमोर कार्योत्तर मंजुरीचा प्रस्ताव तोंडी ठेवला. ती म्हणाली, “मंजूर. जेवायला बसा.” तरी तक्ता मी पूर्ण केला आणि सासऱ्यांच्या वहीत घडी घालून ठेवला.

शनिवारी बायकोलाही बरोबर घेतलं. शाबासकी मिळणार होती, ती ऐकायला साक्षीदार हवा. गाडी अशी चालली होती की काय सांगू. वळणावर गप्प, गतिरोधकावर गप्प. बरोबर साडेचारला फाटकाशी थांबलो.

फाटकात कुणी नव्हतं.

असं दीड वर्षात घडलं नव्हतं. चार बत्तीस झाले, चार पस्तीस झाले. वर जायची बंदी. बायकोनं मान वर करून पाहिलं आणि माझा दंड धरला. पहिल्या मजल्याच्या खिडकीत सासरे बसले होते. बाहेर जायचे कपडे, हातात काठी. आमच्याकडे बघत नव्हते. कान रस्त्याकडे करून बसले होते.

तेवढ्यात कोपऱ्यावरून एका लॉण्ड्रीची जुनी पांढरी गाडी वळली. खडखडत आली आणि आमच्या पुढे थांबली. खिडकीतलं डोकं दिसेनासं झालं. जिन्यावर काठी वाजली. सासरे बाहेर आले, आमच्या गाडीला हातभर अंतरावरून ओलांडून पुढे गेले, लॉण्ड्रीच्या गाडीचं दार उघडून आत बसले आणि पट्टा शोधू लागले.

“पाच मिनिटं उशीर,” ते म्हणाले.

लॉण्ड्रीवाल्याच्या हातात कुणाचे तरी इस्त्रीचे शर्ट होते. तो घाबरून म्हणाला, “काका, एकशे चारचे कपडे द्यायचेत फक्त.”

बायको धावत गेली. “बाबा, आम्ही इथे आहोत. मागे.”

पट्टा शोधणारा हात त्यांनी मागे घेतला. मग उतरले, लॉण्ड्रीवाल्याला ‘माफ करा’ म्हणाले आणि तिच्या हातावर हात ठेवून आमच्या गाडीत येऊन बसले. मी त्यांना इतक्या वर्षांत कुणाचा हात धरताना पाहिलेलं नव्हतं. मला काय वाटलं ते सरळच सांगतो, मला स्वतःची लाज वाटली. वक्तशीरपणा कसला! तो माणूस दर शनिवारी खिडकीत बसून कोपऱ्यावरची टर्र-टक ऐकायचा आणि आम्ही फाटकाशी येईपर्यंत जिना उतरायचा. फाटकाशी तीच टर्र-टक चालू असायची, तिच्या अंदाजानं हात नेमका मुठीवर जायचा. कुणाला कळू न देता. आणि मी तीन दिवसांची रजा घालवून ते बंद करून आणलं होतं.

मंडळ आलं. उतरताना त्यांनी डॅशबोर्डवर हात फिरवला. “गाडी छान झाली,” ते म्हणाले. “आता कुणाचीही वाटते.”

संध्याकाळी परत सोडताना त्यांनी सांगितलं, “पुढच्या शनिवारी राहू द्या. गुडघा दुखतोय.”

त्यांच्या गुडघ्याबद्दल आम्ही त्याआधी कधीच काही ऐकलं नव्हतं. घरी येताना बायको रडली. मी वळणामागून वळण घेत होतो, एकाही वळणावर गाडीनं तोंड उघडलं नाही.

मंगळवारी कचेरी सुटल्यावर आम्ही दोघं पत्र्याच्या शेडमध्ये. रांगेत चार माणसं. माझा नंबर आला.

“आवाज परत बसवून द्या!” मी म्हणालो.

“काय?”

“आवाज! परत! बसवा!”

रांग वळून माझ्याकडे बघू लागली. मिस्त्रींना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं, म्हणून त्यांनी कानामागे हात धरला. मग मला सगळंच ओरडून सांगावं लागलं. सासरे, नजर, खिडकी, लॉण्ड्रीची गाडी, गुडघा. जे सासऱ्यांनी दीड वर्षं कुणाला कळू दिलं नाही ते मी भर शेडमध्ये घसा फाडून सांगितलं. सांगून झाल्यावर कुणी हसलं नाही. मिस्त्री पेचकस घेऊन गाडीखाली गेले.

“पडणार नाही अशी मागून चकती घालतो,” खालून ते म्हणाले. “नुसता बोलेल. पण मला तो ऐकू येत नाही, तुम्ही सांगा.”

अर्धा आटा. “नुसतीच टर्र,” बायको म्हणाली. आणखी थोडा. “टक-टक झालं.” मी तोंडानं मूळ आवाज करून दाखवला, सेंटरमध्ये सराव झालेलाच होता. रांगेतला एक ट्रकवाला म्हणाला, “साहेब, तुमच्या टर्रला शेपूट आहे, हिच्या नाही. पाव आटा उलटा घ्या.” दुसरा म्हणाला, पाव नको, जास्त होईल. त्यांच्यात वाद झाला. शेवटी वीसेक मिनिटांनी बायकोनं डोळे मिटले आणि हात वर केला. “हाच. हाच आहे.” मिस्त्रींनी पत्र्यावर तळवा टेकवून खात्री केली. या कामाचं एकही दरपत्रक मी मागवलं नाही.

शनिवारी न बोलावता गेलो. फोन केला असता तर गुडघा पुढे आला असता. कोपऱ्यावर मी गाडी अगदी हळू केली. टर्र-टक. टर्र-टक. बायको खिडकीकडे बघत होती. खिडकी रिकामी होती.

“झोपले असतील,” मी म्हणालो.

“गप्प बसा आणि हळू चालवा,” ती म्हणाली.

फाटकाशी आलो. सासरे तिथे उभे होते. बाहेरचे कपडे, काठी, पायात पॉलिश केलेले बूट. गाडी पुरती थांबायच्या आत पुढे झाले, नेमका मुठीला हात घातला, बसले, पट्टा लावला. गुडघ्याची विचारपूस आम्ही केली नाही. मी गाडी सुरू केली. त्यांनी मान कलती केली.

“आवाज येतोय,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हणालो.

ते वळण येईपर्यंत ऐकत राहिले. एखाद्या दुकानदाराचा काटा तपासावा तसे.

“पूर्वीपेक्षा किंचित जास्त आहे,” ते म्हणाले. मग समोर बघत, “चालेल.”

मागच्या सीटवर बायको एकदम ताठ बसली. मी आरशात पाहिलं, तर ती खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होती.